पंपावर सीएनजी भरताना मी काय काय बघतो

सीएनजीच्या पंपावर नंबर आला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "सगळे खाली उतरा." मागच्या सीटवर झोपलेलं मूल, गुडघे दुखणाऱ्या आजी, सगळ्यांनाच उतरवावं लागतं आणि त्यामुळे अनेकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो शंभर टक्के पटतो. कारच्या टायरात साधारण 33 पीएसआय, म्हणजे सव्वादोन बार हवा असते (पीएसआय आणि बार ही दोन्ही दाब मोजण्याची एककं). सीएनजीचा सिलिंडर भरतात 200 बारला. टायरच्या जवळपास 90 पट! आगीची भीती आपल्या डोक्यात असतेच, पण भरण्याच्या त्या तीन-चार मिनिटांत खरा धोका या दाबाचा असतो. सिलिंडर, व्हॉल्व्ह किंवा नळी दगा देणार असेल तर बहुधा दाब चढत असताना देते. अशा वेळी गाडीत कोणी नसावं, एवढं साधं कारण आहे.

म्हणून माझी तयारी घरूनच सुरू होते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'ने (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षितता बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता दिलेल्या केंद्रातच ती करून घ्यायची. सिलिंडर गाडीतून काढतात, पाण्याने भरतात आणि कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त दाब देऊन तो किती फुगतो आणि दाब काढल्यावर किती मूळ जागी येतो ते मोजतात. पाणी वापरण्यामागे विचार आहे. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे सिलिंडर तिथेच फुटला तरी गॅससारखा स्फोट होत नाही. टेस्ट झाली की तारीख सिलिंडरवर ठोकतात आणि गाडीवरची टेस्टची मुदत दाखवणारी प्लेट बदलतात. पंपावर ती प्लेट बघतात, मुदत संपलेली असेल तर गॅस देत नाहीत. त्यावरून पंपावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. गाडीखालचा गंज, डिकीत सामानाची आदळआपट, पावसाळ्यात साचलेला ओलावा यांनी तीन वर्षांत पोलादाचं काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. पेट्रोलच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी बुकात आणि विम्यात दोन्हीकडे नोंद हवी. मान्यता नसलेला जुना सिलिंडर स्वस्तात बसवून घेणं हा तर शेजारच्या गाडीतल्या माणसांच्याही जिवाशी खेळ आहे.

नंबर आला की गाडी नळी न ताणता पोहोचेल अशी लावतो, इंजिन बंद, हँडब्रेक वर, पहिला गिअर आणि किल्ली खिशात. कंपनी फिटिंगच्या बऱ्याच गाड्यांमध्ये गॅसचं तोंड पेट्रोलच्या झाकणाशेजारीच असतं आणि झाकण उघडं असेपर्यंत इंजिन सुरूच होत नाही. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ते बहुधा बॉनेटखाली असतं, तिथे अशी सोय असेलच असं नाही. नळी लागलेली असताना गाडी पुढे गेली तर नळी मधल्या जोडातून सुटावी अशी व्यवस्था डिस्पेन्सरला (पंपावरच्या गॅस भरण्याच्या यंत्राला) असते, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. घरच्यांना मी गाडीच्या बाजूला, लांब उभं करतो. डिकीच्या मागे नको आणि गॅसच्या तोंडासमोर तर मुळीच नको.

मोबाइल गाडीत ठेवतो. पंपावरचे दिवे आणि विजेच्या मोटर स्फोटरोधक बनावटीच्या असतात, आपला फोन तसा नसतो. क्यूआर कोड स्कॅन करायचा तर नळी निघाल्यावर, केबिनपाशी जाऊन.

आता भरणं. कर्मचारी तोंडावरचं, धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं बूच काढतो, नोझल आत सरकवतो आणि दांडी फिरवतो. या वेळी माझं लक्ष दोन गोष्टींकडे असतं. एक, डिस्पेन्सरवर किलो आणि रुपये दोन्ही शून्य आहेत ना. सीएनजी वजनावर विकला जातो, लीटरवर नाही, आणि आतलं मीटर वाहणाऱ्या गॅसचं वजनच मोजतं. दुसरं, आवाज. गॅस नळीतून जाताना घरघर येते, ती ठीक. पण तोंडापाशी सतत बारीक 'सूं' येत असेल तर ओ-रिंग (जोडातलं रबराचं कडं) झिजली आहे किंवा कचरा अडकला आहे. लगेच थांबवायला सांगायचं. धुळीचं बूच हरवलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, म्हणून ते बूच हरवलं तर त्याच आठवड्यात नवं घ्यावं. शेवटी दांडी उलटी फिरवल्यावर येणारा 'फस्स' आवाज मात्र गळतीचा नाही. नळीच्या टोकात अडकलेला थोडासा गॅस मोकळा होतो, तो झाल्याशिवाय नोझल काढताच येत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी "कमी भरला" याच्या असतात. 60 लीटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरात 200 बारला साधारण नऊ-दहा किलो बसतो. एप्रिल-मेच्या दुपारी तोच आठ-साडेआठवर अडतो, कारण झपाट्याने भरताना सिलिंडरातला गॅस तापतो आणि तापलेला गॅस कमी वजनातच 200 बार दाखवतो. घरी जाऊन गाडी थंड झाली की गॅस किती आहे ते दाखवणाऱ्या चार दिव्यांतला एक विझतो. ही गळती नाही, गॅस निवल्यावर दाब उतरला एवढंच. आणि पैसे किलोचे दिलेत, त्यामुळे त्यात नुकसानही नाही.

खरा फरक पंपाच्या प्रेशरचा. ज्या पंपाला पाइपलाइनचा गॅस येतो तिथे कॉम्प्रेसर दाब चढवत राहतो. जिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, तिथे ट्रक रिकामा होत जाईल तसा दाब घसरतो. 150 बारला थांबलं तर त्याच 60 लीटरच्या रिकाम्या सिलिंडरात सातेक किलोच जाणार. रिक्षांची संध्याकाळची रांग टाळून मी पहाटे जातो, आणि ट्रकवाल्या पंपावर भरलेला नवा ट्रक जोडला का ते आधी विचारतो. गाडी हलवून जास्त गॅस बसवायचा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याने वजनात काडीचा फरक पडत नाही. "अजून थोडा चढव" असा आग्रह धरणं मात्र घातक आहे. 200 बारची मर्यादा ऊन-तापाचा हिशेब करूनच ठरलेली आहे.

पेट्रोलच्या टाकीत मी निदान सात-आठ लीटर ठेवतो. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. काटा कायम तळाला असला की पंप जळू शकतो. आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवरही चालवतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चिकटत नाहीत आणि पेट्रोल महिनोन्महिने पडून राहत नाही.

भरून आल्यावर वास आला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत हवं. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मिसळलेला असतो. हा वायू हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, याचं उलट. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये तो छताशी साठतो आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. म्हणून किल्ली फिरवायची नाही, आतला दिवा किंवा पार्किंगमधलं बटणही दाबायचं नाही. दारं आणि डिकी उघडायची, सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट बंद करायचा (तो कुठे आहे हे आजच बघून ठेवा, काही गाड्यांत सामान काढल्याशिवाय हात पोहोचत नाही), गाडी ढकलत उघड्यावर आणायची आणि मेकॅनिकला तिथे बोलवायचं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते तो शोधेल.