फलज आणि फड

नाशिकचा उन्हाळा दिवसापुरता असतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांना टेकला, तरी सूर्य कलल्यावर वारा सुटतो आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकता येते. ओमानची राजधानी मस्कत, तिथला उन्हाळा मात्र चोवीस तासांचा असतो. समुद्र जवळ असल्यामुळे हवेत ओलावा असतो, त्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि मध्यरात्रीही झळा लागतात. मस्कतच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच कुरय्यात नावाचे गाव आहे. तेथे जून 2018 मध्ये एका संपूर्ण दिवस-रात्रीत तापमान 42.6 अंशांच्या खाली उतरले नव्हते. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मस्कतमध्ये काही वर्षे राहिल्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मला अंगावर कळतो.

घरातल्या सवयीही त्यानुसार बदलतात. गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापलेले असते की, उन्हाळाभर गिझर बंद ठेवून त्याच्या आत साठलेले पाणी ‘गार पाणी’ म्हणून आंघोळीला घ्यावे लागते. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. रस्त्यांवर आणि बांधकामांवर राबणाऱ्यांमध्ये आपल्या देशातली माणसे फार मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा नियम मला त्या देशातल्या चांगल्या गोष्टींपैकी एक वाटतो.

मस्कतमध्ये नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे असते. क्षार काढून ते गोड करणारा घुब्रा येथील प्रकल्प 1976 साली सुरू झाला. गोदावरीकाठी वाढलेल्या माणसाच्या मनात हे कळताच पहिला प्रश्न येतो तो असा, की त्याआधी या उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये हजारो वर्षे माणसे जगली कशी? त्याचे उत्तर मला निझवा येथे मिळाले.

निझवा मस्कतपासून साधारण दीड-दोन तासांच्या अंतरावर, डोंगरांच्या पलीकडे आहे. किल्ला आणि शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार पाहण्यासाठी लोक तेथे जातात. मी मात्र वारंवार गेले ती फलज दारिस पाहण्यासाठी. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचे पाणी जेथे सापडते तेथे एक मूळ विहीर खोदायची आणि तेथून गावापर्यंत अगदी मंद उताराचा बोगदा काढून ते पाणी केवळ उताराच्या बळावर शेतात आणायचे, ही फलजची एक मुख्य रचना. वाटेत गाळ काढण्यासाठी आणि हवेसाठी ठरावीक अंतरावर उभी विवरे असतात. वादी, म्हणजे पावसाळी नदीचे कोरडे पात्र, आडवे आले तर पाणी त्याच्या तळाखालून नेऊन पलीकडे पुन्हा वर चढवलेले असते. पंप कोठेही नाही. देशात अशा सुमारे 3,000 फलज आजही वाहत्या आहेत आणि दारिससह त्यांपैकी पाच 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

बांधकाम थक्क करणारे आहेच, पण मला अधिक मोठी वाटते ती वाटपाची रीत. गावात शिरताना पाणी प्रथम पिण्यासाठी मिळते, मग मशीद व स्नानगृहे यांच्यासाठी, नंतर खजुराच्या बागांना आणि शेवटी हंगामी पिकांना. बागाईतदाराचा हिस्सा लिटरांत मोजत नाहीत, वेळेत मोजतात. दिवसा जमिनीत रोवलेल्या खांबाची सावली पाहून आणि रात्री ठरावीक तारे उगवण्या-मावळण्यावरून पाळी बदलत असे. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचे घड्याळ आले आहे, पण पाळ्या जुन्याच आहेत. काही पाळ्या कोणाच्याही मालकीच्या नसतात. त्यांचा लिलाव होतो आणि आलेल्या पैशांतून फलजची दुरुस्ती केली जाते. पाण्याने स्वतःच्या देखभालीचा खर्च स्वतःच उभा करावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

तेथल्या एका वृद्ध बागाईतदाराने आम्हाला सावलीत बसवून वेलदोड्याचा कहवा आणि खजूर दिले. पेला रिकामा झाला की तो लगेच भरला जातो. पुरे म्हणायचे असेल तर पेला हलकेच हलवून परत द्यायचा. ओमानमध्ये मबसली नावाच्या जातीचा खजूर उकळून, वाळवून भारतात पाठवण्याची जुनी रीत आहे. डिंकाच्या लाडवांत पडणाऱ्या खारकेचा हा प्रवास माहीत झाल्यापासून तो देश मला परका वाटेनासा झाला.

नाशिकला परतल्यावर हे सारे मी बागलाणातल्या मामांना सांगितले. त्यांची शेती मोसम नदीच्या खोऱ्यात आहे. पाळीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसापर्यंत मी येताच ते म्हणाले, “अगं, मग हा आपला पाटकरीच झाला की!” आणि पुढचा तासभर तेच बोलत राहिले. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतली फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात सर्वांचे एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे पंच ठरवत, आणि ते सर्वांना मान्य असे.

वरच्या अंगाला धरणे झाली, शेतोशेती विहिरी आणि मोटारी आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी फड विस्कटले. ओमानमध्येही विंधन विहिरींमुळे भूजल खाली जाऊन फलज आटण्याचा धोका आहे. पण तेथे फलजकडे जिवंत व्यवस्था म्हणून पाहिले जाते, आपल्याकडे फड पद्धतीचा उल्लेख भूतकाळातच होतो, याची मला मनापासून खंत वाटते. बंधारे दगडांचे आहेत, ते टिकतील. पाळी कशी लावायची, पडीक फडाच्या मालकाला कसे सांभाळून घ्यायचे, पाटाची सफाई कोणी आणि केव्हा करायची, हे मात्र केवळ जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. ते लिहून काढण्याचे काम मी मामांपासून सुरू केले आहे, आणि त्यांच्या गावातल्या एका जुन्या पाटकऱ्यांनी दिवाळीनंतर वेळ देण्याचे कबूल केले आहे.