बागेत दुसऱ्यांच्या कुत्र्यांवरनं भांडलो आणि रिपोर्ट निघाला आमच्याच शेरूचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या ६ वर्षाच्या पोराला जुलाब लागले. ताप, पोटात कळा, दुसऱ्या दिवशी शीमधी रक्त दिसलं तशी आमची टरकलीच. डॉक्टरांनी शी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, द्यायला सांगितली. ती डबीत गोळा करणं काय दिव्य असतंय ते ज्यानं केलंय त्यालाच म्हाईत. ३ दिवसांनी रिपोर्ट, साल्मोनेला, म्हणजे जुलाब लावणारे जंतू.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेर काय खाल्लंय, घरात कुत्रं-कोंबडी हाय का. मी लगेच बागेवर घसरलो, कारण तिथं लोकं कुत्री फिरवायला आणतात, पोरं त्याच मातीत अनवाणी, वर आपला कोल्हापूरचा पाऊस, म्हणजे सगळं पाण्यात कालवून गवतभर. दोघांशी भांडून पण आलो. आमचा कुत्रा शेरू तिथंच शी करतोय हे सोयीनं विसरलो. शेणानं अंगण सारवणारी माणसं आम्ही, पडलं तर खतच की, असं वाटायचं.

बायको म्हणाली आधी आपलं कुत्रं दाखवा. जनावरांच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, खायला काय घालता? मी तोऱ्यात सांगितलं, चिकनवाल्याकडनं मान-पाय आणतो, कच्चंच. ते काय हसले नाहीत. म्हणे कच्च्या कोंबडीतनं साल्मोनेला पोटात जातो, कुत्रं ठणठणीत दिसतं पण शीतनं जंतू बाहेर पडत राहतात. शेरूच्या शीत तोच निघाला, वर जंतांची अंडी. ती अंडी ताजी असताना बाधत नाहीत, मातीत २ ते ४ आठवड्यात तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात, म्हणजे लगेच उचललं की निम्मं काम झालं. पोराला शेरूकडनंच झालं असं मात्र छातीठोक सांगता येत नाही म्हणाले, घरात कच्चं चिकन धुताना ओट्यावर उडालेल्या पाण्यानंबी होतंय.

पोरगं औषधं आणि ओआरएसवर आठवड्यात उड्या मारायला लागलं. शेरूला जंताचं औषध दिलं, अँटिबायोटिक नको म्हणाले, फक्त चिकन शिजवून घाला. तो ८ दिवस माझ्याकडं असा बघत होता जणू मी त्याची जमीनच लाटलीय.

आता पिशवी हातात उलटी घालतो, उचलतो, पलटवून गाठ मारतो. पहिल्या दिवशी शेजारचे आण्णा म्हणाले, काय ओ, कुत्र्याचं शेण गोळा करायलाय? आणि ज्या दोघांशी भांडलो होतो त्यातला एकजण परवा बागेत भेटला, माझ्या हातातली पिशवी बघितली आणि म्हणाला, एक जादा हाय का?