भोंगा वर, बॅटरी खाली

वैनगंगेच्या काठी, गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला पवनी-ब्रह्मपुरीकडे पुराच्या इशाऱ्याचा भोंगा बसवायचा म्हटलं की आधी शाळेची गच्ची सुचते. जागा आयती, वीज जवळ. तिथे अजिबात बसवू नका. ३० मीटरवर ११५ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) देणारा भोंगा १ मीटरवर १४५ च्या आसपास जातो. चेंडू काढायला गच्चीवर चढलेल्या पोराचा कान कायमचा जाऊ शकतो. आणि जिथे पोराचा हात पोचतो, तिथे वायर कापणाऱ्याचाही पोचतो.

भोंग्याचं तोंड खांबावर, जमिनीपासून १२ ते १५ मीटरवर हवं, म्हणजे कौलं, टिनाची छपरं आणि बहुतेक झाडं खाली राहतात. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डेसिबल घटतात. गावात घरं-झाडं धरून १० घटतील असाच हिशेब करा. ३० मीटरवर ११५ देणाऱ्या त्याच भोंग्याचे ४८० मीटरवर ७५ उरतात. टिनावर पाऊस कोसळत असताना तेवढ्याने झोपलेला माणूस उठेलच असं नाही, म्हणून लांबलेल्या गावाला एका उंच खांबापेक्षा दोन ठिकाणी भोंगे बरे.

खांबाचा सहावा भाग जमिनीत जातो, म्हणजे वर १२ मीटर हवे तर खांब साडेचौदा मीटरचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मुरुमापर्यंत न्या, नाहीतर खांब कलतो. तो पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढं अंतर सोडा.

चूक होते ती सगळंच वर चढवण्यात. १०० अँपिअर-तासाची बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते. ती वर ठेवली की बदलायला कोणी चढत नाही आणि ऐन वादळात, लाइन गेल्यावर भोंगा मुका राहतो. उघड्यावर खाली ठेवली तर कुणाच्या तरी इन्व्हर्टरला लागते. बॅटरी आणि ॲम्प्लिफायर ग्रामपंचायतीच्या खोलीत, जाळीच्या आत, पुराच्या जुन्या खुणेपेक्षा मीटरभर वर ठेवा. वर फक्त स्पीकरची केबल जाऊ द्या, तीही जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून. शिडीच्या पायऱ्या ३ मीटरच्या वरूनच सुरू करा. वानरं केबल ओढतात, म्हणून खांबाजवळच्या फांद्या छाटा.

बॅटरी-ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या दाराला स्विच असेल तर दार उघडल्यावर मोबाइलवर मेसेज जावा, भोंगा वाजू नये. खोट्या आवाजाची सवय झाली की खऱ्या वेळी कोणी वावरातून हलत नाही.

रेडिओने चालणाऱ्या भोंग्याला उंची वाचवत नाही. अमेरिकेत डॅलस शहरात एप्रिल २०१७ मध्ये बाहेरच्या रेडिओ सिग्नलने १५६ भोंगे मध्यरात्री वाजवले गेले. पुढे तिथे सिग्नल सांकेतिक केले. आपल्याकडे निदान कारखान्यातून आलेला पासवर्ड तरी पहिल्याच दिवशी बदला.

खोलीच्या किल्ल्या दोन करा: एक पोलीस पाटलांकडे, एक ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. एकच किल्ली असली आणि तो माणूस रात्री जागलीला गेला, की कुलूपच भोंगा अडवतं.