आमची वाटचाल : हिंजवडीतून सोलापूरच्या पूर्व भागात

2017 च्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी हिंजवडीतल्या नोकऱ्यांचे राजीनामे दिले आणि पुढची संक्रांत सोलापुरात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत साजरी केली. माझे काम मोबाइलच्या पडद्यावरील मांडणी आखण्याचे होते, तर माझे यजमान मोठ्या प्रकल्पांची अंदाजपत्रके तयार करीत. दोघांचेही पगार चांगले होते आणि वरिष्ठांचा जाच म्हणावा असाही काही नव्हता, त्यामुळे नोकरी सोडण्याचे कारण नातेवाइकांना पटवून देणे फार अवघड गेले. खरे कारण एवढेच होते, की दिवसभर राबून केलेली वस्तू संध्याकाळी हातात घेऊन पाहता येत नव्हती.

सासरे गिरणी कामगार होते. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्या शहरातल्या घरात सूत, काउंट, बीम हे गिरणीतले शब्द जेवतानाही कानावर पडत. तरीही आम्ही सुतात उतरतो आहोत हे कळल्यावर सर्वांत आधी विरोध केला तो त्यांनीच. गिरण्या बंद होताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला सुताचे कौतुक सांगायला जाणे हा आमचा भाबडेपणा होता.

आम्ही हातमागावर भिंतीवरची चित्रे विणतो, ज्यांना इथे सगळेच वॉल हँगिंग म्हणतात. आम्ही चादरी करीत नाही, हे इथेच सांगून टाकलेले बरे, कारण सोलापूरचे नाव सांगताच समोरचा माणूस पहिला प्रश्न चादरीचा भाव काय हाच विचारतो. चादर आणि टॉवेल हा यंत्रमागाचा मोठा व्यवसाय आहे. आमचा कारभार आज चार मागांचा आहे.

सुरुवात एका मागाने झाली. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची जुनी वस्ती आहे. तिथे एका मामांच्या घरी दोन माग होते आणि त्यांपैकी एक कामाअभावी बंद पडला होता. तो आम्ही भाड्याने घेतला आणि मामांनाच कामाला लागण्याची विनंती केली. ‘‘नोकरी सोडून मग्गम?’’ असे म्हणून ते हसले (मग्गम म्हणजे तेलुगूत माग), पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मागावरची धूळ झटकलेली होती.

पहिले चित्र मी काढले ते सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वजांचे. डाव्या आणि उजव्या कडेला पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, त्यांनी पेललेल्या उंच काठ्या आणि मध्ये मोकळे, गडद निळे आकाश. संगणकाच्या पडद्यावर ते फार सुरेख दिसत होते. मामांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘‘ताई, हे मधलं आभाळ कुणी धरायचं?’’

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी मागाशेजारी बसवून समजावले. आमच्या कापडाची रुंदी 36 इंच आणि इंचाला 32 ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची टोके, म्हणजे एकूण 1,152 टोके होतात. नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या जॅकार्ड या यंत्राला 400 हुक असून ही टोके तीन-तीन करून एकेका हुकाला बांधलेली असतात, त्यामुळे माझ्या हजारो बिंदूंच्या चित्राला आडव्या दिशेने केवळ 384 चौकोन मिळणार होते. चित्राप्रमाणे भोके पाडलेल्या कार्डावर जिथे भोक असते तिथला हुक उचलला जातो, त्याची टोके वर येतात आणि आडवा धागा नेणारा धोटा त्यांच्याखालून निघून जातो. पांढरा बाणा, म्हणजे आडवा धागा, डाव्या मानकऱ्याची बाराबंदी विणून उजव्या मानकऱ्याकडे जाणार, पण मधल्या आकाशात त्याला पुढे यायचेच नसल्याने तो कापडाच्या पाठीमागे हातभर मोकळा लोंबत राहणार आणि कशात तरी अडकून एक दिवस तुटणार. त्याला अधूनमधून पुढे आणून ताण्यात बांधायला हवे, आणि जिथे बांधू तिथे निळ्या आकाशात पांढरा ठिपका दिसणार.

ते ऐकून मी हिरमुसले. माझे स्वच्छ आकाश ठिपक्यांनी भरणार होते. यजमान मात्र आलेखाच्या कागदाकडे पाहत म्हणाले, की यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा आकाश असेच दिसते. पुढचे आठ दिवस आम्ही तिघांनी मिळून त्या ठिपक्यांच्या जागा ठरवल्या. कोणताही धागा पाठीमागे दोन बोटांपेक्षा जास्त मोकळा राहू नये आणि तरीही अक्षता रांगेत पडल्यासारख्या दिसू नयेत, एवढे दोनच नियम होते. ते चित्र आजही आमच्याकडे सर्वाधिक विकले जाते.

विक्री होत होती आणि तोटाही होत होता. पहिल्या वर्षी 2,400 रुपयांना विकलेला तुकडा आम्हाला प्रत्यक्षात सुमारे 2,900 रुपयांना पडत होता, आणि हे कोट्यवधींची अंदाजपत्रके केलेल्या माणसाच्या लक्षात यायला अकरा महिने लागले. आम्ही विणण्याचे दिवस मोजत होतो. ताणा संपला की नव्या ताण्याचे प्रत्येक टोक जुन्या टोकाला जोडावे लागते. मामा बोटांना राख लावून दोन टोके एकत्र पिळत, आणि असे 1,152 वेळा केल्यावरच माग पुन्हा सुरू होई. ते दीड-दोन दिवस हिशेबात नव्हते. मामी रहाटावर बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, त्यांचे काम तर कोणाच्याच हिशेबात नव्हते, मामांच्याही नाही. आम्ही तुकड्यावरची मजुरी बंद करून दोघांनाही दिवसाचा रोज सुरू केला आणि किंमत वाढवली. निम्मे गिऱ्हाईक गेले.

2019 च्या उन्हाळ्यात पुण्यातील एका कार्यालयाकडून 40 तुकड्यांची मागणी आली, तोवर आमचे दोन माग झाले होते. सोलापूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की दुपारी सुती ताणा तटातट तुटतो, म्हणून विणकर पहाटे काम सुरू करतात आणि मागाभोवतीची जमीन पाणी मारून ओली ठेवतात. पाण्याचीच ओढाताण होती. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने सूत बोअरच्या जड पाण्यात रंगवले गेले. रंगाऱ्याने उकळत्या साबणाच्या पाण्यातून आणखी दोनदा धुण्यासाठी दोन दिवस मागितले होते आणि आम्ही तारखेच्या धास्तीने ते दिले नाहीत. पावसाळ्यात त्या कार्यालयाच्या भिंतींना ओल आली आणि लाल रंग पांढऱ्यात उतरला. 26 तुकडे परत आले, ते आम्ही स्वतः हुतात्मा एक्सप्रेसने गठ्ठे बांधून आणले. तेव्हापासून रंगवलेल्या प्रत्येक लडीचा नमुना पांढऱ्या कापडात बांधून अर्धा तास गरम साबणाच्या पाण्यात ठेवतो, आणि पांढऱ्या कापडाला डाग लागला तर ती लडी मागावर चढत नाही.

टाळेबंदीत काम थांबले. रोज मात्र चालू ठेवला आणि त्यात पुण्याचा फ्लॅट गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने अक्षतांचे चित्र यंत्रमागावर एक-तृतीयांश खर्चात विणून आमच्याच नावाने विकण्याचा प्रस्ताव ठेवला. आम्ही लगेच नकार दिला असे लिहायला आवडले असते, पण तीन आठवडे आम्ही आकडेमोड करीत होतो. अडचण यंत्रमागाची नव्हती, कारण या शहराचे पोट त्याच्यावरच चालते. अडचण ही होती की त्या तुकड्यावरही ‘हातमाग’ हाच शब्द छापला जाणार होता. शेवटी नाही म्हणालो. चार महिन्यांनी तेच चित्र बाजारात दिसू लागले.

यजमानांनी त्यातला एक तुकडा विकत आणला आणि मामांपुढे ठेवला. मामांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. तुकडा उलटा करून त्यांनी पाठीवरून हात फिरवला तेव्हा दोन पांढरे धागे त्यांच्या बोटांत अडकून आले. नक्कल करणाऱ्याने ठिपके शोभेचे समजून त्यातले बरेच गाळले होते आणि उरलेले सोयीने हलवले होते. ‘‘अक्षता घेतल्या,’’ मामा म्हणाले, ‘‘बांधणी राहिली.’’

तो तुकडा आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो, पाठ बाहेर करून. यंदा कामाला आलेल्या दोन मुलींना मामा पहिल्या दिवशी त्याच्यासमोरच उभे करतात.