सासूबाईंच्या आईची फाइल 'ग' अक्षराखाली सापडली

'सदर व्यक्तीची नोंद आढळत नाही.' सासूबाईंच्या आईच्या हद्दपारीची फाइल मागितली, तर सायबेरियातल्या एका प्रांताच्या माहिती केंद्राकडून हे एका ओळीचं उत्तर दोनदा आलं. त्यात चौदा महिने गेले. अजून संताप येतो, कारण फाइल तिथेच होती.

सासूबाईंचं माहेर व्होल्गाकाठच्या जर्मनांचं, म्हणजे रशियात व्होल्गा नदीकाठी वसलेल्या जर्मन लोकांचं. सोव्हिएत सरकारच्या 28 ऑगस्ट 1941 च्या हुकमाने त्या सगळ्यांना घरंदारं सोडायला लावून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं. हद्दपारांची फाइल माणसाबरोबर फिरायची. म्हणून 1941 मध्ये जिथे उतरवलं तिथे नव्हे, तर 1956 च्या सुमारास कमांडंटच्या (हद्दपारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) यादीतून नाव जिथे कमी झालं, तिथे अर्ज करा.

माझं घोडं नावावर अडलं. अर्जात मी जर्मन कागदांवरचं नाव लिहिलं होतं. त्या काळच्या रशियन नोंदींत जर्मन 'ह'चा सहसा 'ग' होतो: हाइनरिखचा गेनरिख, होफमानचा गोफमान. योहानचा इव्हान होतो. शिवाय आपल्यासारखंच वडिलांचं नाव मध्ये येतं, तेही रशियन होऊन. योहानची मुलगी इव्हानोव्हना. कारकून अर्जात असेल तेवढंच अक्षर शोधतो. तिसऱ्या अर्जात मी नावाची पाच रूपं रशियन लिपीत लिहिली, जन्मसाल 'दोन वर्षं मागेपुढे' असं कळवलं आणि गावाची दोन्ही नावं दिली (कातारिनेनश्टाट म्हणजेच मार्क्स). सात आठवड्यांत जाड पाकीट आलं.

नातं सिद्ध करायला जन्म आणि लग्नाच्या दाखल्यांची साखळी लागते, आडनाव बदललं तिथला दुवा हमखास निसटतो. ज्यांची फाइल हवी त्यांच्या मृत्यूचा दाखलाही जोडा. जर्मन दाखल्यांना अपोस्टील (परदेशात चालणारा खरेपणाचा सरकारी शिक्का) आणि रशियन भाषांतर हवं, सोव्हिएत दाखले रशियनमध्ये असतील तर भाषांतर नको. आणि हो, फाइलचा नुसता 'दाखला' मागू नका, 'फाइलमधल्या सर्व पानांच्या प्रती' असं स्पष्ट लिहा. 1942 पासून श्रमसेनेत, म्हणजे सक्तीच्या कामाच्या छावण्यांत, नेलेल्यांची कार्डं वेगळी, त्या छावणीच्या प्रांतात असतात.

प्रती मागितल्या म्हणूनच ती चिठ्ठी मिळाली. 26 नोव्हेंबर 1948 चा हुकूम वाचून दाखवल्याची कबुली: वस्ती कायमची, पळाल्यास 20 वर्षं सक्तमजुरी. वर कारकुनाच्या अक्षरात नाव 'ग'ने सुरू होतं. खाली सासूबाईंच्या आईची सही आहे, जर्मन लिपीत, ठसठशीत 'एच' काढून.