बंबापासून बॉयलरपर्यंत : आमची वाटचाल

वडील तांबट. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत त्यांनी जन्मभर बंब घडवले. घरोघरी बॉयलर आले तशी बंबांची मागणी आटली आणि मी डाय सेट, पाइप व्हाइस, चेन पाना घेऊन नळकामात उतरलो. वडिलांचा पितळी ब्लो लॅम्प मात्र सोबत आणला. तो आजही दुकानात चालू आहे. तांब्याच्या टाकीचे सांधे जोडायला, म्हणजे डाग द्यायला, अशी एकसारखी ज्योत मला दुसऱ्या कशात मिळाली नाही.

पहिले भागीदार आमचे मिस्त्री. टाकी बाहेरून थोपटून, आवाजावरून ते तळाशी किती क्षार साठलाय ते सांगायचे. खोलून बघावं तर तेवढाच निघायचा.

धंदा बुडायला आला तो कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीपायी. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन आणि बोअरचं, टँकरचं पाणी. गार नळ धो धो, गरम नळाला करंगळीएवढी धार. आम्ही कमिटीला स्पष्ट सांगितलं, बॉयलर ठणठणीत आहेत, गरमाची लाइन बदला. जड पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो, 60 अंशांच्या वर तर फार झपाट्याने. तो एलिमेंटवर बसतो, पापुद्रे सुटतात आणि निप्पलात, म्हणजे जोडणीच्या आखूड नळीत, नाहीतर पहिल्याच एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात जाऊन अडकतात. त्यातून तांब्याच्या टाकीला थेट जीआय जोडलेला. सांध्यापाशी लोखंड आतून गंजणारच. मध्ये पितळी निप्पल हवा होता, तो कुणी घातलाच नव्हता.

काम मिळालं. बोहरी आळीतून माल उधारीवर उचलला, एक विंग पुरी केली. तेवढ्यात दुसरा ठेकेदार कमिटीत शिरला. ‘जुने द्या, नवे स्वस्तात घ्या,’ म्हणाला. जाड तांब्याच्या टाक्या त्याने कवडीमोलाने उचलल्या आणि आतून काचेचा लेप दिलेल्या पत्र्याच्या टाक्या लावल्या. लेपाच्या टाक्या वाईट नसतात, पण मोडीतल्या तांब्याला काय भाव येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि सभासदांना ते कुणी सांगितलं नाही. आमचं काम थांबवलं, बिल अडकवलं. वर ऐकवलं की पाइप बदलायची गरजच नव्हती. उधारीसाठी मी मोटारसायकल विकली. कामावरची पोरं सोडून गेली. मिस्त्रींनी त्या काळात आपला वाटा मागितला नाही, हे मी विसरणार नाही.

तारलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आपला बॉयलर त्यांनी दिला नाही. आमच्याकडून गरमाचा एल्बो उभा कापून घेतला आणि स्टीलच्या ताटलीत घालून सभेत ठेवला. अर्ध्या इंची एल्बोत पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक, भोवती गंजाचे तांबडे थर, त्यांवर पांढरा चुना. काकूंनी विचारलं, “नवे बॉयलर लावलेत ना, मग धार वाढली का?” कुणाला उत्तर देता आलं नाही. उरलेल्या विंगा आम्हालाच मिळाल्या. अडकलेल्या बिलातली बाकी मात्र आजतागायत आलेली नाही.

नंतरची वर्षं कामात गेली. आता मुलगी सोलरचं बघते. शत्रू तिथेही चुनाच.

गरम पाणी कमी येतंय म्हणून फोन आला की मी आधी एकच सांगतो. एकाच मिक्सरवर गार आणि गरम बादली वेगवेगळी भरून बघा. दोन्ही सावकाश भरत असतील तर बॉयलरला दोष देऊ नका. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर 3 मीटर असेल, तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. तिथे प्रेशर पंपच लागेल. गरमच सावकाश असेल तर इनलेटचा कॉक, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), निप्पल, एल्बो, मिक्सरची जाळी, या क्रमाने तपासा. आणि टाकीत जहाल ॲसिड ओतू देऊ नका. ते चुन्याबरोबर सांधेही खातं. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घाला आणि त्याला वेळ द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बूच मारणारा प्लंबर तर दारात उभा करू नका.

टाकीच पाझरायला लागली असेल तर मीच म्हणतो, बदला. फक्त जुनी टाकी तांब्याची असेल तर ती देण्याआधी तुमच्यासमोर काट्यावर चढवायला लावा.