न पुसलं जाणारं गोंदण

आमच्याकडे मृतदेहाच्या आधी कागद येतो. त्या सकाळी आलेल्या पंचनाम्यात नावाच्याही आधी 'सराईत गुन्हेगार' असं लिहिलेलं होतं. वय २२, हे त्यानंतर. खाली हकिगत: अंधारात संशयित पळाला, वळून त्याने पोलिसांवर गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ सुमारे ३० फुटांवरून केलेल्या गोळीबारात तो ठार झाला.

मी न्यायवैद्यक विभागात डॉक्टर आहे. इतकी वर्षं हे काम करूनही ते दोन शब्द वाचून माझं मन सैल पडलं. यात वेगळं काय निघणार, असं वाटून गेलं. सहायकाला म्हणालेसुद्धा, "दोन तासांत आटपू." ते वाक्य अजून मला टोचतं.

आधी खटकले ते हात. पायांच्या नखांत चिखल होता, घोट्यापर्यंत माती वाळलेली होती आणि दोन्ही तळहात मात्र लख्ख. ज्याने गोळी झाडली असं म्हणायचं, त्याचे हात जागेवरच कागदी पिशव्यांत बांधून आणायचे असतात, म्हणजे बंदुकीच्या दारूचे कण टिकतात. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, आत ओल धरते. इथे कसलीच पिशवी नव्हती आणि हातांचे नमुने घेतल्याची नोंदही नव्हती. अंगावर कपडे नव्हते. "रक्ताने भरले होते मॅडम, काढून टाकले," सोबतचा हवालदार म्हणाला.

एक गोळी पाठीत लागलेली होती. कपड्यावरून गोळी लागली की काजळी आणि दारूचे कण कापडातच अडकतात. त्यामुळे नुसती जखम बघून अंतर सांगता येत नाही, कपडा लागतोच. तो आल्याशिवाय हात लावणार नाही, असं मी सांगितलं. तासभर फोनाफोनी झाली, कपडे काही आले नाहीत. शेवटी तशी नोंद केली, दुसऱ्या डॉक्टरांना सोबत घेतलं आणि कॅमेरा चालू करून सुरुवात केली.

दुसरी जखम उजव्या कानामागे, केसांच्या कडेला होती. तिच्याभोवती तांबूस-तपकिरी बारीक ठिपके होते, मोहरीहूनही लहान. मी ओला बोळा फिरवला, ठिपके तसेच. पुन्हा जरा दाबून फिरवला, तरी तसेच.

जवळून गोळी सुटली की तिच्याबरोबर न जळलेली दारू कातडीत घुसते. त्याला आम्ही गोंदण म्हणतो. काजळी धुतली जाते, गोंदण धुतलं जात नाही. पिस्तुलाचं गोंदण साधारण दोन-तीन फुटांपलीकडून उमटत नाही. नेमका आकडा त्याच शस्त्राची चाचणी घेऊन काढावा लागतो, पण ३० फूट कुठल्याच चाचणीत बसणार नाहीत. ठिपक्यांचा तांबूस रंग सांगत होता की गोळी सुटली तेव्हा तो जिवंत होता. म्हणजे कोणीतरी हातभर अंतरावर, त्याच्या मागे उभं होतं.

दुपारी अधिकारी आले. आवाज अगदी मऊ होता. "अंतराबाबत मत राखून ठेवलं आहे, एवढंच लिहा ना. पोरगा कोण होता, तुम्हाला कल्पना नाही."

त्याआधी काही महिन्यांपूर्वी एका बड्या घरच्या मुलाला तपासणी नाक्यावर पोलिसांची गोळी लागली होती. त्याचे हात कागदात बांधून आले होते, कपडे सीलबंद होते, जागेचे फोटोही सोबत होते. पद्धत सगळ्यांना पाठ आहे. कोणाच्या मृतदेहासाठी ती पाळायची, हे मृतदेह उचलण्याआधीच ठरलेलं असतं.

त्या रात्री मला शिकागोचं प्रकरण आठवत राहिलं. २०१४ साली १७ वर्षांच्या लक्वान मॅकडॉनल्डवर तिथल्या पोलिसाने १६ गोळ्या झाडल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. शवविच्छेदन अहवालात १६ जखमा निघाल्या, काही मागच्या बाजूनेही. वर्षाहून जास्त काळ दाबून ठेवलेलं चित्रीकरण बाहेर आलं तेव्हा तो पोलिसांपासून दूर चालत जाताना दिसला. गोळ्या झाडणारा २०१८ मध्ये दोषी ठरला, पण खोटे अहवाल लिहून त्याला वाचवल्याचा आरोप असलेले तीन सहकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटले. मला हे दुसरं जास्त घाबरवतं. बंदूक एकाच्या हातात असते. आपल्यासाठी कागद सावरून घेणारे मागे उभे आहेत, ही खात्री असली की ती लवकर सुटते.

अशा मृत्यूंच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांचा मिनेसोटा प्रोटोकॉल १९९१ पासून आहे, २०१६ मध्ये तो सुधारलाही गेला. मृताचे कपडे जपून ठेवावेत, त्याचे हात झाकावेत, तपास स्वतंत्र असावा. आम्ही हे विद्यार्थ्यांना शिकवतो. प्रत्यक्षात मात्र कपडे आणायची जबाबदारी त्यांच्याच सहकाऱ्यांवर असते ज्यांनी गोळी झाडली.

मी अहवालात गोंदण लिहिलं, त्याचा व्यास लिहिला, पट्टी ठेवून काढलेले फोटो जोडले आणि जवळून झाडलेली गोळी असं मत दिलं. दुसऱ्या डॉक्टरांचा हात सही करताना थबकला. त्यांना दोन लहान मुलं आहेत. मग त्यांनीही सही केली.

अकराव्या दिवशी शर्ट आला. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घालून, साबणाचा वास येत होता. पाठीवरच्या भोकाच्या कडाही पांढऱ्याशुभ्र होत्या. 'कपडा धुतलेल्या अवस्थेत प्राप्त', एवढी ओळ लिहून मी पोच दिली. त्याला आता तीन वर्षं होतील. साक्षीचं समन्स मला अजून आलेलं नाही.